घराचा ट्रस्ट रद्द करायचा की बदलायचा? लोकमान्यनगरच्या काकूंना उत्तर

काकूंचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या लोकमान्यनगरातलं घर काका-काकू दोघांच्या नावावर होतं, निम्मं-निम्मं. 2017 साली दोघांनी मिळून ते घर आणि काही मुदत ठेवी एका फॅमिली ट्रस्टमध्ये घातल्या. ट्रस्टी तिघं: काकू, मोठा मुलगा आणि काकांचे एक मित्र. दोघं हयात असेपर्यंत घर आणि उत्पन्न त्यांचं, त्यांच्यामागे मुलगा, मुलगी आणि नातू यांना सारखा वाटा. काका 2022 मध्ये गेले. मुलगा आता कॅलिफोर्नियात कायमचा राहतो. नातू अकरा वर्षांचा आहे. मुलगी आईजवळ राहून सगळं दुखणंखुपणं बघते, आणि घर तिलाच मिळावं अशी काकूंची इच्छा आहे. मुलाचीही हरकत नाही. तो म्हणतो, "आई, इथे लिव्हिंग ट्रस्ट केव्हाही बदलता येतो, तू एका कागदावर सही करून टाक." कोर्टाजवळच्या एका टायपिस्टनं पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून 'निरस्तीकरण' करून देतो म्हटलंय. करू का?

काकू, तो पाचशेचा कागद करू नका. त्यानं ट्रस्ट रद्द होणार नाही. उद्या कोणी वाद काढलाच, तर 'आईनं घाईत काहीतरी करून पाहिलं होतं' एवढा पुरावा मात्र समोरच्याच्या हाती पडेल.

मुलगा चुकीचं सांगत नाही, तो तिथला कायदा सांगतोय. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट कोडचं कलम 15400 म्हणतं की ट्रस्ट न मोडता येणारा आहे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर करणाऱ्याला तो मोडता येतो. पुढच्याच कलमात रीत दिली आहे: सही केलेला कागद हयातीत ट्रस्टीच्या हाती द्यायचा. तिकडे ट्रस्ट करणारा आणि ट्रस्टी बहुतेक वेळा एकच माणूस असतो, म्हणजे कागद स्वतःच्याच कपाटात ठेवला तरी काम होतं. पण तिथेही नवरा-बायकोनं मिळून केलेल्या बऱ्याच ट्रस्टमध्ये एक जण गेला की त्याच्या हिश्शाचा भाग कायमचा बंद होतो. हे मुलाला जरूर विचारा. आणि तिकडे लोक हे ट्रस्ट करतात ते मुख्यतः मृत्यूनंतरचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घेणं, टाळायला. इंदूरमधल्या हिंदू माणसाच्या इंदूरमधल्या घराच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हतीच. ती मुंबई, कलकत्ता, मद्रासकडची गोष्ट होती. मुलं परदेशी गेली त्या घरांमध्ये 'लिव्हिंग ट्रस्ट' हा शब्द आला आणि शब्दाबरोबर तिकडची समजूतही आली. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या कुटुंबाला हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट आहे. 1882 चा भारतीय न्यास अधिनियम, कलम 78. मृत्युपत्रात लिहिलेला ट्रस्ट मृत्युपत्र करणारा जिवंतपणी हवा तेव्हा मोडू शकतो. पण हयातीतच मालमत्ता सोपवून केलेला ट्रस्ट मोडायच्या वाटा तीनच. सगळे लाभार्थी करार करण्यास सक्षम असतील तर त्या सगळ्यांच्या संमतीनं. किंवा ट्रस्ट करणाऱ्यानं रद्द करण्याचा अधिकार डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, स्पष्ट शब्दांत स्वतःकडे राखून ठेवला असेल तर तो अधिकार वापरून. तिसरी वाट कर्ज फेडण्यासाठी केलेल्या ट्रस्टची आहे, तिचा तुमच्याशी संबंध नाही. डीडमध्ये अधिकार राखलेला नसला की करणाऱ्याचं मन बदललं म्हणून काही होत नाही. घर तुम्ही दिलंत. ट्रस्टींच्या ताब्यात दिलंत, दुसऱ्यांच्या भल्यासाठी दिलंत. ते परत घेण्याची सोय देतानाच करून ठेवायला लागते.

मृत्युपत्राची सवय इथे फार घात करते. रामबागेतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. आजोबांनी घराचा रजिस्टर्ड ट्रस्ट केला होता, पुढे मुलांशी बिनसलं आणि एका दुपारी त्यांनी डीड फाडलं. ट्रस्ट संपला असं ते शेवटपर्यंत समजत होते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 70 प्रमाणे रद्द करण्याच्या हेतूनं मृत्युपत्र फाडलं किंवा जाळलं तर ते रद्द होतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ते गेल्यावर मुलांनी घर विकायला काढलं, इसारही घेतला. खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलानं सर्च काढला तर रजिस्ट्रारच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये ट्रस्ट डीड जसंच्या तसं उभं! कर्ज थांबलं, सौदा मोडला. आजोबांच्या सूनबाई ते तुकडे स्टीलच्या डब्यात जपून घेऊन आल्या होत्या. माझ्या टेबलावर एकेक तुकडा जुळवून लावत होत्या. एका तुकड्यावर अर्धा शिक्का, दुसऱ्यावर आजोबांच्या सहीचं शेवटचं अक्षर. "आता हे चिकटवलं तर चालेल का," असं त्यांनी विचारलं. चिकटवायची गरजच नव्हती, ट्रस्ट कधी मोडलाच नव्हता. शेवटी सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांची संमती घेऊन रीतसर रद्द केला. त्यात कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, नव्हतं म्हणून निभावलं.

तुमच्याकडे ते तेवढं सोपं नाही. तुम्ही पाठवलेलं डीड मी दोनदा वाचलं. रद्द करण्याचा अधिकार चौदाव्या कलमात आहे, म्हणजे लिहिणाऱ्यानं आठवणीनं ठेवला होता. पण वाक्य असं आहे: 'न्यासकर्तागण अपने जीवनकाल में संयुक्त रूप से इस न्यास को निरस्त अथवा संशोधित कर सकेंगे।' सगळा पेच त्या 'संयुक्त रूप से'मध्ये आहे. दोघांनी मिळून वापरायचा अधिकार, आणि दोघांतले काका आता नाहीत. पुढे 'अथवा उनमें से उत्तरजीवी', म्हणजे दोघांतला मागे राहिलेला, एवढं असतं तर मी आज तुम्हाला सरळ रद्द करण्याचा दस्त करून दिला असता.

निम्मं घर माझंच होतं, निदान माझ्या निम्म्यापुरता अधिकार मी एकटी वापरू शकत नाही का, असं तुम्ही विचाराल. तसा युक्तिवाद करता येतो, आणि तो अगदी पोकळ नाही. पण मी तुम्हाला त्यावर घर उभं करायला सांगणार नाही. नातवाच्या वतीनं उद्या कोणी आव्हान दिलं तर 'संयुक्त' या शब्दाचा सरळ अर्थ तुमच्या विरुद्ध जातो, आणि दिवाणी दावा किती वर्षं चालतो ते इंदूरमध्ये कोणाला सांगायला नको. ज्या मुलीला निवांतपणा द्यायचाय तिच्याच गळ्यात तो दावा पडेल.

मग राहते सगळ्यांच्या संमतीची वाट. तुम्ही, मुलगा, मुलगी: तिघं सक्षम, तिघं राजी. अडतो तो नातू. अकरा वर्षांच्या मुलाला करार करता येत नाही, आणि कलम 78 मधली अट 'सगळे लाभार्थी सक्षम असतील तर' अशी आहे. बाप म्हणून मुलगा त्याच्या वतीनं सही करेल, असं पुष्कळ जण धरून चालतात. अज्ञानाचा स्थावरातला हक्क सोडून देणं नैसर्गिक पालकाच्या एकट्याच्या हातात हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियम, 1956 नंही ठेवलेलं नाही. कलम 8 खाली कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे रद्द करणं हा विषय नातू अठराचा होईपर्यंत मी बाजूला ठेवते.

बदल करणं मात्र आजही शक्य आहे. न्यास अधिनियमाचं कलम 11 ट्रस्टीला करणाऱ्याच्या सूचना पाळायला बांधतं, पण सगळ्या सक्षम लाभार्थ्यांच्या संमतीनं त्या सूचनांत फेरफार करायची मुभा देतं; आणि लाभार्थी अज्ञान असेल तर त्याची संमती जिल्ह्याचं प्रमुख दिवाणी न्यायालय देऊ शकतं, असं त्यातच लिहिलंय. 78 मध्ये हे वाक्य नाही, 11 मध्ये आहे. हा फरक कागदावर चिमटीएवढा, पण तुमच्या घरासाठी फार मोठा. न्यायाधीश एकच विचारणार: या मुलाचं यात काय भलं? नातवाचा घरातला तिसरा हिस्सा काढून घ्यायचा तर त्याच्या बदल्यात तेवढ्याच किमतीच्या ठेवी त्याच्या नावे ठेवल्या पाहिजेत. घराची किंमत कलेक्टर गाइडलाइननं, म्हणजे सरकारी दरानं, आणि बाजारभावानंही काढून ठेवा. गाइडलाइनचा आकडा कमी असेल तर तोच पुढे करून नातवाला कमी देताय, असं दिसता कामा नये.

तरीही तुम्ही माझी आई असता तर मी आज कोर्टातही गेले नसते. मुलगा खुशीनं सोडायला तयार आहे ना? मग कलम 58 वापरा. सक्षम लाभार्थ्याला ट्रस्टमधला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो. तुमच्या डीडमध्ये त्याला मनाई करणारं कलम नाही, ते मी बघितलं. मुलानं आपला घरातला तिसरा हिस्सा बहिणीला रजिस्टर्ड दानपत्रानं द्यावा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. त्या दिवशी लेकीचे दोन हिस्से झाले. ट्रस्ट आहे तसाच, त्याचं एक अक्षरही बदललं नाही, कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. नातवाचा तिसरा हिस्सा सुरक्षित. अठरा पूर्ण झाल्यावर तो आत्याला द्यायचा, विकायचा की ठेवायचा, ते तो ठरवेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा हयातभर राहण्याचा हक्क तसूभर हलत नाही.

यावर तुम्ही रुसाल, मला माहीत आहे. तुम्हाला पूर्ण घर लेकीला द्यायचंय. पण तुम्हीच पत्रात लिहिलंय की काका डीड करताना नातवाचं नाव स्वतः सांगत होते. त्यांची ती इच्छा आहे. ती मोडायला मी मदत करणार नाही असं नाही, पण घाईनं करणार नाही.

मुलगा परदेशी असल्यानं दानपत्रासाठी एक तर त्यानं इथे यावं, नाहीतर मुखत्यारपत्र पाठवावं. ते त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करायचं. नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 मध्ये परदेशी राहणाऱ्यांसाठी तशी सोय आहे. तिथून आलेल्या कागदावर भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टँप ड्युटी भरावी लागते. हे तीन महिने लोक हमखास चुकवतात. लिफाफा आला त्या दिवसाचा कुरिअरचा कागद फेकू नका, दिवस त्यावरून मोजले जातात. मुलानं तिकडच्या करसल्लागारालाही विचारावं, कारण अमेरिकेत ठरावीक रकमेवरची भेट देणाऱ्याला फॉर्म 709 भरावा लागतो, कर लागो न लागो. लेकीला इथे आयकर नाही. भावाकडून मिळालेली भेट करमुक्त असते.

दानपत्र सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला गेलं पाहिजे. इथे आता हे सगळं मध्य प्रदेशच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर, संपदा 2.0 वर होतं, 10 ऑक्टोबर 2024 पासून. स्टँप ड्युटीचा आकडा दस्ताच्या मसुद्यावरून आधीच काढून घ्या. हक्काचं दान आणि ट्रस्टचं निरस्तीकरण यांच्या नोंदी वेगळ्या असतात आणि चुकीच्या नोंदीखाली भरलेली रक्कम परत मिळवणं म्हणजे चपला झिजवणं.

आता ट्रस्टींचं. तुमच्या पत्रात खरी अडचण मला इथेच दिसली. ठेव मोडायला तीन सह्या लागतात, मुलाची सही मिळायला महिना जातो, बँक परत पाठवते, आणि म्हणून 'ट्रस्टच नको' असं तुम्हाला वाटायला लागलंय. त्यासाठी ट्रस्ट मोडायची काहीच गरज नाही. न्यास अधिनियमाच्या कलम 73 प्रमाणे ट्रस्टी सलग सहा महिने भारताबाहेर असेल किंवा परदेशी राहायला निघून गेला असेल, तर त्याच्या जागी नवा ट्रस्टी नेमता येतो. डीडमध्ये नेमणारा कोणी ठरवला असेल तर तो नेमतो, नसेल तर ट्रस्ट करणारा हयात व सक्षम असल्यास तो. तुमच्या डीडमध्ये कोणी ठरवलेला नाही आणि तुम्ही ट्रस्ट करणाऱ्या आहात. लेखी नेमणूक करायची. मुलाचंही एक पत्र घ्या, की मला मोकळं करा. कायद्यानं त्याशिवायही अडत नाही, पण घरात गोडवा राहतो आणि बँकेचा मॅनेजर प्रश्न कमी विचारतो. नेमणुकीवर काकांच्या मित्रांचीही सही घ्या, म्हणजे नेमणूक नेमकी कोणी करायची याचा वाद उरत नाही. मुलाच्या जागी मुलीला नेमता येईल, पण ती आता दोन हिश्शांची लाभार्थी होणार, म्हणून तिच्या जोडीला तिऱ्हाईत माणूस असलेला बरा. काकांचे मित्र आहेतच, पण त्यांचं वय बघता त्यांच्यानंतर कोण, हेही आत्ताच ठरवा.

हे झालं की ठरावाची प्रत, नेमणुकीचं पत्र आणि नव्या ट्रस्टीचं केवायसी घेऊन प्रत्येक बँकेत जा. नगर निगमात संपत्ती कराच्या खात्यावर ट्रस्टचं नाव नीट आहे का बघा. 2017 नंतर नामांतरण केलंच नाही, पावती अजून काकांच्याच नावानं येते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते आधी करा. दस्त कितीही चांगला असला तरी निगमाच्या पावतीवर गेलेल्या माणसाचं नाव असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न येतो.

कोणीतरी तुम्हाला एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, ट्रस्टची नोंद करायला सांगितलं म्हणता. ते सार्वजनिक धार्मिक किंवा धर्मादाय ट्रस्टसाठी, मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, 1951 खाली. होळकरांच्या 'खासगी' नावाच्या धर्मादाय ट्रस्टला तो कायदा लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं जुलै 2022 मध्ये ठरवलं, तेव्हापासून इंदुरात 'न्यास' म्हटलं की लोक तिकडे बोट दाखवतात. तुमचा घरगुती ट्रस्ट आहे, त्याला लागू नाही.

आयकराचं थोडक्यात, कारण तुमच्या सीएनं घाबरवलंय. रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे राखून केलेल्या ट्रस्टचं उत्पन्न करणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. 1961 च्या कायद्यात हे कलम 61 ते 63 मध्ये होतं, आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या 2025 च्या कायद्यात आकडे बदलले तरी तत्त्व राहिलं आहे. तुमच्या ठेवींचं व्याज आजही तुम्हालाच मिळतं आणि तुमच्याच रिटर्नमध्ये जातं, तेव्हा तुम्हाला फरक पडत नाही. पण नवीन ट्रस्ट करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: मोडायची मुभा हवी असेल तर कर वाचवण्याची आशा सोडायची.

एक गोष्ट लेकीसमोर बोलायला अवघड वाटेल, तरी बोलते. समजा उद्या ट्रस्ट खरंच मोडला आणि घर तुमच्याकडे परत आलं, तर तुम्ही ते लगेच तिला दानपत्रानं देऊन मोकळ्या होणार होतात. तसं करू नका. लेक चांगली आहे यात मला शंका नाही, पण तिचा नवरा आहे, उद्या कर्जं आहेत, आजारपणं आहेत. घर आईवडिलांनी दिलं आणि पुढे सांभाळायचं राहून गेलं, असे खटले मी पाहते आणि त्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे विसरत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आधार देतं; आपल्याच राज्यातल्या छतरपूरच्या एका आईचं दानपत्र सुप्रीम कोर्टानं 2 जानेवारी 2025 रोजी रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितला. पण त्यासाठी सांभाळण्याची अट लिहिलेली असावी लागते, आणि त्या आईला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आज तुमच्या ट्रस्टमध्ये तुमचा हयातीचा हक्क कोणत्याही लढाईशिवाय लिहिलेला आहे. म्हणूनच तो मोडायला मी इतकी नाखूष आहे.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एवढं करा. मोती तबेल्यातल्या नोंदणी कार्यालयातून डीडची प्रमाणित नक्कल काढा; तुमच्याकडची झेरॉक्स आहे आणि तिच्या नवव्या पानाची खालची ओळ कापली गेली आहे. ती ओळ मला वाचायची आहे, कारण ट्रस्टींचे अधिकार तिथूनच सुरू होतात. नातवाचा जन्मदाखला मुलाकडून मागवा. मुलाला सांगा, कागदावर सही करायच्या आधी मला एकदा व्हिडिओवर भेट, दानपत्राचा मसुदा मी त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवेन. आणि काकांच्या मित्रांना आजच फोन करा. ते पुण्याला मुलाकडे जायच्या बेतात आहेत असं तुम्ही म्हणालात. ते निघायच्या आधी नव्या ट्रस्टीच्या नेमणुकीवर त्यांची सही झालेली हवी.